फियाट डिलाईटच्या त्रिकोणी काचेची डावी कडी कुठे मिळेल?

सांगलीचा_डिलाईटवाला
नमस्कार मंडळी. घरी १९६७ची फियाट ११०० डिलाईट आहे. वडिलांनी सेकंडहँड घेतली, मी तिच्यातच गाडी शिकलो. इंजिन ठीक, पत्रा बऱ्यापैकी, गिअर अजून स्टिअरिंगच्या दांड्यावरच. अडलंय एका बोटभर वस्तूपाशी. पुढच्या दाराला जी त्रिकोणी काच असते, तिची डावीकडची कडी मानेतून तुटली. काच बंदच राहत नाही. वाऱ्याने फटाफट उघडते आणि पाऊस थेट शेजारच्या सीटवर. आईने पुढे बसणं सोडलंय.

आता माझा मूर्खपणा. दोन तुकडे हातात होते, जोडून घ्यावेत म्हणून कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेले. त्याने गॅसची ज्योत धरली मात्र, कडी मेणासारखी ओघळून फरशीवर पडली. त्याचा एक गोळा घेऊन घरी आलो. पोर विचारतंय, "बाबा, हे काय?" काय सांगू?

उजवी कडी शाबूत आहे. डावी कुठे मिळेल, किंवा कोण बनवून देईल?

बुडाखाली_स्टूल
रुमाल टाकून ठेवतो. आमच्या पद्मिनीचंही, म्हणजे याच फियाटच्या पुढच्या अवताराचंही, हेच दुखणं.

जुनाबाजारी
पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. सकाळी लवकर जायचं, दहानंतर नुसती गर्दी. कडी हवी असं तोंडाने म्हणायचं नाही. पान्हे बघायचे, एखादी नळाची तोटी हातात घेऊन भाव विचारायचा आणि जाताजाता, "हे काय, फियाटचं वाटतं?" पहिल्याच वाक्यात गाडीचं नाव घेतलंत की भाव तिप्पट.

नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानांतही विचारा, पण काउंटरवरच्या पोराला नको. आत गल्ल्यापाशी बसलेल्या म्हाताऱ्या शेटजींना विचारा. पोरगं कॉम्प्युटरात बघून नाही म्हणतं. शेटजी माळ्यावर माणूस चढवतात.

ऑइलबाथ
गोळा झाला कारण ते लोखंड नव्हतंच, पितळही नव्हतं. ते मझॅक. जस्त आणि थोडं ॲल्युमिनियम असा मिश्रधातू. साधारण ३८५ अंशांना वितळतो, आणि गॅसची ज्योत तीन हजारांच्या वर. त्या बिचाऱ्या वेल्डरची चूक नाही, वरून क्रोम असल्याने सगळं एकसारखंच दिसतं. यापुढे कानसीने तळाशी बारीक घासून बघत जा. निळसर राखाडी निघालं आणि वस्तू हाताला जड लागली तर ज्योत लांब ठेवा.

आता माल. मुंबईत शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ची, वीस वर्षांची मुदत भरून ती २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. त्याआधीची दहाएक वर्षं कुर्ल्याच्या भंगारात टॅक्सींचे ढीग होते. दारं, बंपर, ग्रिल, सगळं किलोवर. मी तेव्हा दोन अख्खी दारं उचलून ठेवली होती. बायको म्हणाली, एक तर दारं राहतील नाहीतर मी. दारं विकली. आज रडतोय.

त्रिकोणी_झरोका
@ऑइलबाथ, दारं विकलीत ते बरं केलंत. 😀

धाग्याचं नाव बघून धावत आले. लहानपणी दादर ते महाड आम्ही सात जण फियाटमधून जायचो. पुढच्या सीटवर आजोबा, मांडीवर मी. ती त्रिकोणी काच उलटी फिरवली की वारा सरळ तोंडावर यायचा. हाच आमचा एसी. कडीचं टोक गार असायचं आणि मी वडखळपर्यंत ती उघडझाप करत राहायचे. आजोबा म्हणायचे, "तुटली तर चालत जाशील महाडला." डिलाईटवाले दादा, कडी मिळाली की फोटो नक्की टाका.

सांगलीचा_डिलाईटवाला
ऑइलबाथ, आता गोळ्याचा उलगडा झाला. जुनाबाजारी, पुण्याला दोन रविवार गेलो. पहिल्या रविवारी काही नाही. दुसऱ्या रविवारी दोन कड्या मिळाल्या, दोन्ही डुप्लिकेट, बहुतेक टॅक्सीवर लावायला बनवलेल्या. पत्र्याची जीभ, पिनेचं भोक मोठं. लावली तर खुळखुळते. आणि तुमची युक्ती वापरून तोटीचा भाव विचारत बसलो, तर ती तोटीच गळ्यात पडली.

जुनाबाजारी
तोटी पितळी आहे ना? मग गेली नाहीत फुकट.

रांगडा_टर्नर
भावा, सांगलीत बसून पुण्याला कशाला पळालायस? कोल्लापूर तासाभरावर हाय की. उद्यमनगरात सांगशील ते करून देत्यात. आमी पिस्टनच्या रिंगा सोडल्या तर सगळं केलंय. ती उजवी कडी घेऊन ये. तिलाच पॅटर्न धरायचं, वाळूत दाबायचं, पितळ वतायचं, लेथवर भोक मारायचं. संध्याकाळी घरला.

ऑइलबाथ
टर्नरभाऊ, दोन गोष्टी. एक, उजवीचा साचा केलात तर येईल ती उजवीच. त्यांना डावी हवी आहे. ती आरशातल्यासारखी उलटी असते, जीभ दुसऱ्या अंगाला.

दुसरी, धातू थिजताना आकसतो. पितळ साधारण दीड टक्का. जुना भागच पॅटर्न म्हणून दाबला की नवा तेवढा लहान येतो. म्हणून तर पॅटर्नवाल्या सुताराकडे वेगळी फूटपट्टी असते, मुळातच किंचित मोठी आखलेली.

रांगडा_टर्नर
हां, उलटं हाय हे ध्यानात आलं न्हाई. आकसण्याचं मला शिकवू नगा मालक, त्यात आमचा जलम गेला. एवढ्याशा वस्तूला दीड टक्का म्हंजे केसभर. भोक मागनं मारायचं, बाकी कानस हाय. पर डावी-उजवीचं खरं हाय.

पो_नदीकाठी
तोरिनोहून लिहितोय, म्हणजे फियाटच्या गावाहून. नोकरीने इथे आणून टाकलं. इटालियनमध्ये या त्रिकोणी काचेला 'देफ्लेत्तोरे' म्हणतात. हा शब्द माहीत असला की इथल्या विक्रेत्यांकडे वस्तू सापडते, 'छोटी खिडकी' म्हणून शोधलंत तर पडदे मिळतात. दर सप्टेंबरात इमोलाच्या रेस ट्रॅकवर जुन्या सुट्या भागांची जत्रा भरते, पिटलेनपर्यंत टेबलं मांडलेली असतात. आपल्या जुन्या बाजारासारखीच, फक्त चहाऐवजी कॉफी. यंदा जाणार आहे, डावी दिसली तर कळवतो.

एक सावधगिरीची सूचना. इंजिनचं काही इटलीहून मागवणार असाल तर थांबा. माझ्या मेव्हण्याने नाशिकच्या गाडीसाठी '११००डी'चे पिस्टन मला इथून पाठवायला लावले. मीही मोठ्या उत्साहाने पाठवले. कस्टम भरलं, महिनाभर वाट पाहिली, आणि पिस्टन बोअरमध्ये जाईना. कारण इटलीतल्या ११००डीचं इंजिन १२२१ सीसीचं, बोअर ७२ मिमी. आपल्याकडची डिलाईट आणि पुढची पद्मिनी १०८९ सीसीवरच राहिली, बोअर ६८. स्ट्रोक दोन्हींचा ७५. नाव तेच, अंगावरचा पत्रा तोच, पोटात चार मिलिमीटरचा फरक. मेव्हण्याने ते चार पिस्टन शोकेसमध्ये मांडलेत. पाहुणे अ‍ॅशट्रे समजतात.

बुडाखाली_स्टूल
अ‍ॅशट्रे 😂😂 वाचनखूण साठवली.

चार्जिंगला_लावली
हलके घ्या, पण एका कडीसाठी पुणे, कोल्हापूर, इटली? सुतळीने बांधा आणि माझ्यासारखी बॅटरीवरची घ्या. हिच्यात अशा काचाच नाहीत, तुटण्याचा प्रश्न मिटला.

त्रिकोणी_झरोका
तुमच्या गाडीची कडी तुटली तर कंपनी अख्खं दार बदलायला लावेल. आठ वर्षांनी भेटू.

नागपूरकर_संत्री
भाऊ, थ्रीडी प्रिंट करून घ्या ना. कडीचं स्कॅन करायचं आणि कॉम्प्युटरवर एक बटण दाबून उलटी करायची. डावीची उजवी, उजवीची डावी. मी ॲम्बेसेडरच्या डॅशबोर्डचं एक बटण असंच काढलं होतं, एकदम ओरिजनल वाटे. पण खरं सांगतो, पीएलएचं काढलं होतं. हा प्लास्टिकचा प्रकार ६० अंशांच्या आसपास नरम पडते. मेच्या दुपारी गाडी उन्हात उभी होती इतवारीत. संध्याकाळी येऊन पाहतो तर बटण खाली लोंबून राहिलं, नाकातल्या शेंबडासारखं. दुसऱ्यांदा एएसए नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकचं काढलं, ते दोन उन्हाळे टिकलं. पण कडीवर जोर येतो, प्लास्टिक मानेतूनच तुटेल.

ऑइलबाथ
संत्रीभाऊंनी खरी वाट दाखवली. प्रिंट हीच शेवटची वस्तू समजू नका. प्रिंट म्हणजे पॅटर्न. उलटी करता येते, आकसण्यापुरती दीड-दोन टक्के मोठी करता येते. मग ती धातूत ओतायची.

रबरी_बुवा
धागा धातूकडे चाललाय तोवर माझं थोडं अवांतर. माझी उभी हयात रबराच्या कारखान्यात गेली. कडी, मूठ, मोनोग्राम हवं तिथे बनवा, हौस आहे. पण 'आमच्याकडे सगळं होतं' म्हणणाऱ्याकडून ब्रेकच्या सिलिंडरमधली रबरी वाटी बनवून घेऊ नका. हात जोडून सांगतो.

रबर काळं दिसलं म्हणजे एक नव्हे. ब्रेक ऑइल हे नावाचंच ऑइल, ते ग्लायकॉल. त्यात नैसर्गिक रबर, एसबीआर, ईपीडीएम टिकतं. पेट्रोलच्या नळीला जे नायट्राइल चांगलं, ते ब्रेक ऑइलमध्ये फुगतं. आणि उलट, ब्रेकच्या वाटीला खनिज तेल लागलं की तीही फुगते. माझ्या चुलतभावाच्या फियाटमध्ये एका गॅरेजच्या पोऱ्याने ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल टाकलं, 'ऑइल कमी होतं साहेब' म्हणून. खोपोलीपर्यंत चारही चाकं जाम. वाट्या काढल्या तर भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या टम्म. चारही चाकांना ड्रम, सर्किट एकच, दुसरी काही सोय नाही.

आणि आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे. जुन्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्या बघून घ्या. बोटाने दाबून नळी चिकट लागली तर आजच बदला. गाडी पेटल्यावर कडीचं काय करणार?

रांगडा_टर्नर
बुवा, आमी ब्रेकला हात लावत न्हाई, ध्यानात असू द्या. किंगपिनचं, म्हंजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतंय तिचं, बुश मातुर करतो. गनमेटलचं. कंपनीच्या बुशापेक्षा जास्त टिकलंय, गिऱ्हाईक पाच वर्सं झाली फिरकलं न्हाई.

रबरी_बुवा
गिऱ्हाईक पाच वर्षं फिरकलं नाही याचे दोन अर्थ निघतात हो. 😄 पण बुश ठीक. ते झिजतं तेव्हा आवाज करून सांगतं. वाटी सांगत नाही.

नियमावली
धाग्यात 'ओरिजनल' हा शब्द फार आला म्हणून. १५ जुलै २०२१च्या अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून जास्त वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढे दहा वर्षांनी ५,०००. गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल नकोत. पितळेची कडी ओतल्याने त्यात काही बिघडत नाही. पण लक्षात घ्या, त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच.

सांगलीचा_डिलाईटवाला
धन्यवाद. म्हणूनच मी त्या वाटेला गेलो नाही. आईला दर गुरुवारी औदुंबरला न्यायचं असतं, ते रॅलीत बसत नाही.

डुक्करप्रेमी_म्हापसा
माझ्याकडे याच्या आधीची, १९५६ची. मुंबईकर जिला डुक्कर फियाट म्हणतात ती. पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, दार पुढून उघडतं. तुम्ही कडीला रडता, माझ्या दाराचं कुलूप चालत्या गाडीत सुटलं तर वारा दार ओढून उपटतो. तेव्हा रांगेत माझा नंबर पहिला.

मतभेद नोंदवतो. पितळ ओतून क्रोम केलं की ती 'तीच' वस्तू नव्हे असं म्हणणारे रॅलीत भेटतात, चुंबक आणि भिंग घेऊन फिरतात. माझं म्हणणं, मझॅक ही कंपनीने स्वस्तात केलेली सोय होती. वरच्या क्रोमला छिद्र पडलं की आतलं जस्त सडतं, मग फोड येतात, आणि ते फोड घासले तर खड्डे पडतात. पितळ तसं करत नाही. मग सुधारलेली वस्तू का लावू नये?

जुनाबाजारी
असहमत. खड्डे पडलेली जुनी कडी मला नव्या चकचकीतपेक्षा आवडते. पण पावसात माझी आई भिजत नाहीये, त्यामुळे माझं मत धरू नका.

पो_नदीकाठी
इमोलाहून परत. डावी सापडली! पण अंगावर देवीचे व्रण आल्यासारखी, आणि विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत सांगली-महाबळेश्वर सहकुटुंब मुक्काम होईल. घेतली नाही. त्याने माझ्याकडे 'इंडियानो' म्हणून बघितलं आणि पद्मिनीबद्दल दहा मिनिटं प्रेमाने बोलला. किंमत मात्र कमी केली नाही.

त्रिकोणी_झरोका
अहो पण एवढीशी वस्तू धातूत ओतायची तर फौंड्री कशाला? सोनार काय करतात? अंगठी, पेंडंट, देवाचे टाक, सगळं मेणाच्या साच्यातूनच ओततात ना? माझी जाऊ हुपरीची. तिच्याकडे पैंजणांचं काम चालतं. आता तिथे डिझाइन कॉम्प्युटरवर काढून छापतात, नंतर ओततात. चांदी ओतणारा पितळ ओतणार नाही का?

रांगडा_टर्नर
ताई, हुपरीच्या शेजारी बसून मला हे सुचलं न्हाई. लई भारी.

ऑइलबाथ
+१. हे मला मुंबईत बसून सुचायला हवं होतं, झवेरी बाजार अर्ध्या तासावर. दादा, तिकडे जाताना तीन गोष्टी सांगा. भोक भरीव ठेवायला सांगा, पिन मापून नंतर ड्रिल करा. जिभेचा कोपरा छापताना थोडा जाड ठेवा, कानसीला जागा हवी. आणि क्रोमचा थर चढल्यावर घट्ट होतं, म्हणून पिनेला आधीच थोडी मोकळीक द्या.

*(तीन आठवड्यांनी)*

सांगलीचा_डिलाईटवाला
मंडळी, झालं. सविस्तर लिहितो.

त्रिकोणी_झरोका ताईंच्या जावेने एका कारागिराकडे पाठवलं. उजवी कडी पुढे ठेवली. तो म्हणाला, "ह्यो कुठला दागिना?" गाडीचा म्हटल्यावर हसला, पण कडी खाली ठेवली नाही, फिरवून फिरवून बघत राहिला. त्याच्या पुतण्याने स्कॅन करून स्क्रीनवर उलटी केली. मी म्हटलं दोन टक्के वाढवा, तो म्हणाला आमचा हिशोब आमच्या मशीनला ठाऊक आहे, तुम्ही चहा घ्या. मेणासारख्या रेझिनची कडी छापून आली. ती पैंजणांच्या घुंगरांबरोबर एकाच झाडावर (एका खोडाला नमुने फांद्यांसारखे जोडून सगळे एकदम ओततात, ते झाड) लावायचा त्याचा बेत होता. मग लक्षात आलं, घुंगरं चांदीची, कडी पितळेची. वेगळं झाड केलं आणि जागा रिकामी नको म्हणून पाच कड्या लावल्या. वरून प्लास्टर ओतलं, रात्रभर भट्टीत रेझिन जळून गेली, सकाळी पितळ ओतलं. पाण्यात बुडवल्यावर प्लास्टर चर्र करत फुटलं आणि आतून हे पिवळं झाड बाहेर. पाच फांद्या, पाच कड्या.

ओतायच्या आधी पितळ थोडं कमी पडत होतं. माझ्या पिशवीत जुन्या बाजारातली तोटी होती. कारागिराने तिला कानस लावून रंग बघितला, मान हलवली आणि मुशीत टाकली.

पहिल्या कडीत जिभेपाशी बारीक छिद्र निघालं, ती बाद. दुसरी टर्नरभाऊंकडे उद्यमनगरात नेली. त्यांनी पिनेचं भोक मारलं, पैसे घेतले नाहीत, तांबडा रस्सा मात्र माझ्याकडून खाल्ला. कोल्हापुरातच आधी निकेल, मग क्रोम. बसवताना जीभ अर्धा मिलिमीटर जाड लागली. मी व्हरांड्यात बसून कानसीने घासत होतो. घासायचं, लावून बघायचं, परत घासायचं. अकराव्या खेपेला 'खट्' असा आवाज आला. उजवीचा असाच आवाज आहे.

काल औदुंबरला जाऊन आलो. पाऊस होता. सीट कोरडी. आईने विचारलं, "उघडते का?" म्हटलं, उघड. भिलवडीपर्यंत उघडझाप चालू होती.

त्रिकोणी_झरोका
फोटो! फोटो! आणि तोटीचं वाचून खुर्चीवरून पडले.

जुनाबाजारी
म्हणालो होतो ना, फुकट गेली नाही. माझं कमिशन कुठेय?

रांगडा_टर्नर
रस्सा झाक हुता. अजून काय करायचं असंल तर ये.

नागपूरकर_संत्री
ती फाईल जपून ठेवा भाऊ. पुढच्यांचं काम होऊन जाईल.

सांगलीचा_डिलाईटवाला
फाईल आहे, पुतण्याने पेनड्राइव्हवर दिली. ज्यांना हवी त्यांनी व्यक्तिगत निरोप करा. तीन कड्या शिल्लक आहेत, क्रोम न केलेल्या. म्हापसेकर, डुक्कर फियाटला ही कडी बसेल का ते तुम्ही मापं पाठवलीत तर बघू. बुडाखाली_स्टूल, एक तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय, पद्मिनीवर पिन जुळते का ते बघून सांगा.

बुडाखाली_स्टूल
फार आभार. पण माझी उजवी तुटलीय हो.

सांगलीचा_डिलाईटवाला
अरे देवा. थांबा, पुतण्याला फोन लावतो.